घरगुती सुतारकामशाळेतील धूळसंकलन : वाहिनीच्या व्यासाची निवड
(सटाणा परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

विजेवर चालणाऱ्या यंत्रांमुळे सुतारकामातील धुळीचे स्वरूप बदलले आहे. ही धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसविताना पंख्याच्या अश्वशक्तीचा विचार केला जातो; परंतु वाहिनीचा, म्हणजे पाईपचा व्यास बहुधा यंत्राच्या तोंडाच्या मापावरून ठरविला जातो. प्रस्तुत लेखात व्यास, वेग, प्रवाह आणि दाबातील घट यांचा परस्परसंबंध मांडून, बाजारात सहज मिळणाऱ्या शेतीच्या पी.व्ही.सी. पाईपांच्या मापांवर आधारित एक उदाहरण सोडविले आहे. पाईपमध्ये भुसा न साचणे आणि कारागिराच्या श्वासातील धूळ कमी होणे या दोन भिन्न गोष्टी असून व्यासाची निवड दुसऱ्या गोष्टीवरून व्हावी, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : सुतारकाम, लाकडाची धूळ, वाहिनीचा व्यास, वहनवेग, दाबातील घट.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत बारा बलुतेदारांमध्ये सुताराचे स्थान महत्त्वाचे होते. नांगर, वखर, पाभर, बैलगाडी ही शेतकऱ्याची सारी साधने त्याच्या हातून घडत. बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले सटाणा व त्याच्या परिसरातील खेडी यास अपवाद नव्हती. तालुक्याच्या पश्चिमेस डांगचा सागवानी वनप्रदेश लागून असल्याने लाकडाशी या भागाचा संबंध जुना आहे. शेतीत ट्रॅक्टर व लोखंडी अवजारे आल्यानंतर सुताराचे काम दारे, खिडक्या, कपाटे आणि घरातील फर्निचर यांकडे वळले आणि हातकरवत व रंध्याच्या जोडीला चक्री करवत, रंधा मशीन, राऊटर व सँडर आले.

या बदलाची एक बाजू दुर्लक्षित राहिली आहे. हातकरवतीचा जाड भुसा पायाशी पडतो व संध्याकाळी झाडून काढता येतो. मिनिटाला हजारो फेरे घेणारे पाते मात्र लाकडाचे असे बारीक कण करते, की ते दिसतही नाहीत आणि खालीही बसत नाहीत. त्यातच अशी कामशाळा पुष्कळदा घराच्या पडवीत किंवा घराला लागून उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. त्यामुळे ही धूळ केवळ कारागिराच्या वाट्याला न येता त्याच्या मुलाबाळांच्या व वृद्धांच्याही वाट्याला येते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) वाहिनीच्या व्यासाचा धूळसंकलनावर होणारा परिणाम सोप्या गणिताने स्पष्ट करणे.
२) स्थानिक बाजारात उपलब्ध असलेल्या पाईपांपैकी कोणते माप योग्य, याची तुलना करणे.
३) महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या मदतीने अशा यंत्रणेचे मोजमाप कसे करता येईल, हे सुचविणे.

२. धुळीचे स्वरूप व आरोग्याचा प्रश्न

स्थिर हवेत दहा मायक्रॉन व्यासाचा, पाण्याइतक्या घनतेचा कण सेकंदाला सुमारे तीन मिलिमीटर या वेगाने खाली येतो. दीड मीटर उंचीवरून जमिनीवर पोहोचण्यास त्याला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. एक मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर कापण्यास सुमारे बारा तास लागतात. कामशाळेतील हवा कधीच पूर्ण स्थिर नसते. म्हणजे सकाळी उडालेली बारीक धूळ संध्याकाळीही हवेत असू शकते. 

इंग्लंडमधील हाय विकम परिसरात फर्निचर उद्योगातील कामगारांना नाकाचा कर्करोग होण्याचे प्रमाण अधिक असल्याचे अ‍ॅचेसन, हॅडफिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. सागवान व शिसव या आपल्याकडील प्रतिष्ठित लाकडांत त्वचेला व श्वसनमार्गाला त्रास देणारी नैसर्गिक द्रव्ये असतात. प्लायवुड व एम.डी.एफ. यांच्या धुळीत तर गोंदातील रसायनांचीही भर पडते. युरोपीय संघाने कठीण लाकडाच्या धुळीसाठी घालून दिलेली मर्यादा जानेवारी २०२३ पासून घनमीटरला दोन मिलिग्रॅम अशी आहे. ही मात्रा किती अल्प आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे : दहा फूट रुंद, वीस फूट लांब व दहा फूट उंच खोलीतील सुमारे ५७ घनमीटर हवेत अवघी ११४ मिलिग्रॅम धूळ तरंगत असली, की ही मर्यादा गाठली जाते. चिमूटभर भुशाचे वजनही याहून अधिक भरू शकते.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १४ ने धूळ व धूर यांच्या निवारणाची जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादारावर टाकली होती. परंतु विजेच्या साहाय्याने काम होत असेल तेथे दहा किंवा अधिक कामगार असल्याखेरीज ती जागा मूळ कायद्यानुसार ‘कारखाना’ ठरत नव्हती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही संख्या वीसवर नेली. बाप आणि दोन मुले चालवितात ती कामशाळा या व्याख्येत कधीच आली नाही. तेथे निरीक्षक येणार नाही. तेथे उपयोगी पडेल ते फक्त ज्ञान. म्हणूनच पाईपच्या मापासारखा वरकरणी किरकोळ विषय विवेचनास योग्य ठरतो.

३. व्यास ठरविण्यामागील तत्त्वे

धूळसंकलन यंत्रणेत यंत्राजवळचे तोंड, वाहिनी, पंखा आणि फिल्टरची पिशवी असे चार मुख्य भाग असतात. या सर्वांतून एकाच वेळी एकच प्रवाह वाहतो. त्यामुळे एका भागात अडथळा वाढला की संपूर्ण यंत्रणेचा प्रवाह घटतो. व्यासाचा विचार करताना तीन राशी लक्षात घ्याव्या लागतात.

अ) प्रवाह : दर तासाला किती घनमीटर हवा ओढली जाते, हे सर्वांत महत्त्वाचे. पात्याजवळचे छिलके व जाड भुसा उचलण्यासाठी लहान यंत्राला तासाला ६०० ते ७०० घनमीटर हवा पुरते. मात्र पात्यापासून दूर उधळणारी बारीक धूळ पकडायची असेल, तर १३०० ते १७०० घनमीटर प्रवाह हवा, असा हौशी कामशाळांसाठीच्या मार्गदर्शक साहित्याचा कल आहे.

आ) वहनवेग : आडव्या पाईपमध्ये भुसा तळाशी बसू नये यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे १८ ते २० मीटर असावा, असा संकेत आहे. ओल्या लाकडाचे जड छिलके असतील तर २० मीटरच्या खाली जाऊ नये. प्रवाह म्हणजे पाईपचे छेदक्षेत्र गुणिले वेग. म्हणून प्रवाह तोच ठेवून पाईप मोठा केला, की वेग कमी होतो.

इ) दाबातील घट : पाईपच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणामुळे दाब खर्च होतो. डार्सी व वाइसबाख यांच्या सूत्रानुसार ही घट लांबीच्या व वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. प्रवाह ठरलेला असेल तर वेग व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. हे दोन्ही संबंध एकत्र केले म्हणजे असे दिसते, की घर्षणाने होणारी घट व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. व्यास निम्मा केला तर तोच प्रवाह वाहून नेण्यास बत्तीस पट दाब लागेल. धूळसंकलनातील बहुतेक अपयशाचे मूळ या पाचव्या घातात आहे.

थोडक्यात, अरुंद पाईप प्रवाह मारतो आणि फार रुंद पाईप वेग मारतो. निवड या दोहोंमध्ये करावयाची असते.

४. स्थानिक बाजारातील पाईप

बागलाण हा द्राक्षे, डाळिंब व कांदा यांचा प्रदेश आहे. ओलितासाठी लागणारे पी.व्ही.सी. पाईप तालुक्याच्या बाजारात सहज मिळतात. धातूच्या पत्र्याची गोल वाहिनी करून घेण्यापेक्षा हे पाईप स्वस्त पडतात, आतून गुळगुळीत असतात आणि त्यांचे जोडही हवाबंद करता येतात. भारतीय मानक ४९८५ नुसार या पाईपांचे माप बाह्य व्यासावरून सांगितले जाते : ६३, ७५, ९०, ११०, १४०, १६०, २०० मि.मी. इत्यादी. हवा मात्र आतून वाहते. म्हणून गणितात आतला व्यास धरावा. कमी दाबाच्या वर्गातील ११० च्या पाईपचा तो सुमारे १०५, १४० चा १३४, १६० चा १५३ आणि २०० चा १९२ मि.मी. धरता येईल.

येथे एक सूचना आवश्यक आहे. पी.व्ही.सी. विद्युतरोधक असल्याने कोरडा भुसा वाहताना पाईपवर स्थितिक विद्युतभार साचतो व हाताला झटका बसू शकतो. पाईपवर तांब्याची उघडी तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडल्यास हा त्रास कमी होतो. रोधक पृष्ठभागावरील सर्व भार मात्र तारेने निघून जात नाही. आगीच्या दृष्टीने अधिक जपावे ते पिशवीत साचलेल्या भुशाला. लाकडातील खिळ्यावर पाते घासून उडालेली ठिणगी पाईपमधून पिशवीत पोहोचली, तर भुसा तासन्‌तास आत धुमसत राहू शकतो. म्हणून दिवसाचे काम संपल्यावर पिशवी रिकामी करून भुसा घराबाहेर ठेवणे इष्ट होय.

५. एक सोडविलेले उदाहरण

दहा फूट रुंद व वीस फूट लांब अशी एक कामशाळा कल्पू. एका वेळी एकच यंत्र चालते आणि उरलेल्या यंत्रांच्या शाखा सरकत्या झडपांनी बंद असतात. यंत्रापासून पंख्यापर्यंत सहा मीटर सरळ पाईप, दोन मोठी वळणे आणि दोन मीटर लवचिक नळी आहे. लवचिक नळीचे घर्षण गुळगुळीत पाईपच्या अडीचपट धरले, तर एकूण लांबी अकरा मीटर सरळ पाईपइतकी होते. सटाणा समुद्रसपाटीपासून सुमारे अर्धा किलोमीटर उंचीवर असल्याने व हवामान उष्ण असल्याने हवेची घनता घनमीटरला १.१ किलोग्रॅम धरली आहे. घर्षणगुणक ०.०१८, प्रत्येक वळणाचा गुणक ०.४ आणि यंत्राच्या तोंडाशी प्रवेशाचा गुणक ०.५ घेतला आहे. यंत्राचे तोंड पाईपच्या मापाइतके मोठे करून घेतले आहे, असे गृहीत आहे. स्वच्छ फिल्टर तासाला १००० घनमीटर प्रवाहास ३० मि.मी. पाण्याच्या स्तंभाइतका अडथळा करतो, असेही धरू.

पंखा दोन अश्वशक्तीचा असून त्याचे चाक ३०० मि.मी. व्यासाचे आहे. असा पंखा प्रवाह पूर्ण बंद असताना सुमारे १४० मि.मी. पाण्याच्या स्तंभाइतका दाब देईल. कामाच्या स्थितीत तो ११० मि.मी. धरला आहे. प्रत्यक्षात प्रवाह वाढतो तसा दाब उतरतो. येथे तुलनेच्या सोयीसाठी तो स्थिर ठेवला आहे. या गृहीतांवरून पुढील कोष्टक मिळते. दुसरा स्तंभ तासाला १००० घनमीटर हवा ओढण्यास किती दाब लागेल हे दाखवितो. पुढचे दोन स्तंभ या पंख्याने प्रत्यक्षात काय साधेल हे दाखवितात.

| पाईपचे माप (मि.मी.) | १००० घ.मी. साठी लागणारा दाब (मि.मी. पाणी) | मिळणारा प्रवाह (घ.मी./तास) | मिळणारा वेग (मी./से.) |
|---|---|---|---|
| ११० | २७२ | ६३५ | २०.४ |
| १४० | ११२ | ९९० | १९.५ |
| १६० | ७६ | १२०० | १८.१ |
| २०० | ४७ | १५३० | १४.७ |

कोष्टकातील पहिली ओळ विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ११० च्या पाईपमध्ये वेग २० मीटरच्या वर आहे. त्यात भुसा साचणार नाही, रंधा मशीनचे छिलके खळखळत पिशवीत जातील आणि यंत्रणा उत्तम चालली आहे, असेच कारागिराला वाटेल. परंतु प्रवाह अवघा ६३५ घनमीटर आहे, म्हणजे बारीक धुळीसाठी हव्या असलेल्या किमान प्रवाहाच्या निम्माही नाही. पाईप स्वच्छ राहतो आणि धूळ छातीत जाते. म्हणून डोळ्यांना दिसणारी स्वच्छता हा व्यासाच्या योग्यतेचा पुरावा मानता येत नाही.

शेवटची ओळ दुसऱ्या टोकाची आहे. २०० च्या पाईपमध्ये प्रवाह मोठा मिळतो. मात्र वेग १५ मीटरच्या खाली येतो आणि आडव्या भागात भुसा साचू लागतो. साचलेला भुसा पाईपचे छेदक्षेत्र कमी करतो आणि एखादे दिवशी संपूर्ण ढीग एकदम सरकून वळणात अडकतो. अशा पाईपासाठी मोठा पंखाच हवा.

आता फिल्टर मळल्यावर काय होते ते पाहू. त्याचा अडथळा दुप्पट झाला, तर १४० च्या पाईपमध्ये प्रवाह ८८० व वेग १७.३ मीटरवर येतो. १६० मध्ये प्रवाह १०२० व वेग १५.४ मीटर होतो. म्हणजे पिशवी नियमित झटकली जात नसेल, तर १६० चा पाईप धोक्याच्या सीमेवर जातो आणि १४० चा पाईप जेमतेम निभावून नेतो.

याउलट, पंखा घराबाहेर बसवून जाड भुसा वाटेतील गाळपेटीत पाडला आणि बारीक धूळ फिल्टरशिवाय उघड्या हवेत सोडली, तर १६० च्या पाईपमधील प्रवाह तासाला १५०० घनमीटरच्या आसपास आणि वेग २३ मीटरच्या आसपास जातो. गाळपेटीचा अडथळा वजा करूनही बारीक धुळीसाठी हवा असलेला प्रवाह गाठता येतो. शेतातील किंवा गावाबाहेरील सुट्या कामशाळेत ही रचना सर्वांत प्रभावी ठरेल. दाट वस्तीतील गल्लीत मात्र आपल्या घरातील धूळ शेजाऱ्याच्या खिडकीत सोडणे योग्य नव्हे. तेथे अधिक क्षेत्रफळाचा फिल्टर घेऊन त्याचा अडथळा कमी करणे हाच मार्ग उरतो.

६. परदेशी तक्ते वापरताना घ्यावयाची काळजी

या विषयावरील बरेचसे साहित्य अमेरिकी आहे. तेथील वीज ६० हर्ट्‌झची असल्याने पंख्याची मोटार मिनिटाला सुमारे ३४५० फेरे घेते. आपल्याकडील ५० हर्ट्‌झवर तशाच मोटारीचे फेरे सुमारे २८५० होतात. पंख्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने त्याच चाकाचा पंखा येथे जवळपास एक तृतीयांश कमी दाब देतो. उंची व उष्णता यांमुळे विरळ झालेल्या हवेने त्यात आणखी आठ टक्क्यांच्या आसपास घट होते. चार इंची पाईपवर तेथे जे साधते ते येथे साधेलच, असे मानणे म्हणूनच चुकीचे ठरेल. शिवाय पंख्याच्या जाहिरातीत दिलेला प्रवाह हा बहुधा पाईप व फिल्टर न जोडता मोजलेला असतो. निवड करताना दाब व प्रवाह यांचा एकत्रित आलेख मागणे श्रेयस्कर.

७. जोड, वळणे व यंत्राचे तोंड

व्यास योग्य निवडूनही पुढील तीन ठिकाणी त्याचा लाभ गमावला जातो.

१) वळणे : पाण्याच्या पाईपचा काटकोनी एल्बो आतून फार अरुंद वळणाचा असतो. त्याचा गुणक ०.९ धरला, तर १४० च्या एका एल्बोमुळे पावणेसात मीटर सरळ पाईपइतका अडथळा वाढतो. त्याऐवजी ४५ अंशांचे दोन जोड मध्ये छोटा तुकडा घालून वापरावेत. शाखा जोडतानाही काटकोनी टी न वापरता तिरपी वाय-शाखा वापरावी.

२) लवचिक नळी : ती गरजेपुरतीच, शक्यतो एका मीटरच्या आत ठेवावी.

३) यंत्राचे तोंड : १६० चा पाईप आणून शेवटी यंत्राच्या ६३ किंवा १०० मि.मी. तोंडाला निमुळता जोड लावला, तर सारा अडथळा त्या तोंडाशी एकवटतो. चक्री करवतीच्या खालची पेटी बंद करून तिला मोठे तोंड पाडणे आणि पात्याच्या वर दुसरे आच्छादन देणे, हे पाईप बदलण्याइतकेच आवश्यक आहे.

हातातील सँडर व राऊटर यांचा विचार वेगळा करावा लागतो. त्यांची तोंडे लहान असल्याने त्यांना कमी प्रवाह पण पुष्कळ अधिक दाब देणारा व्हॅक्यूम क्लीनरसारखा संच लागतो. ही साधने मोठ्या वाहिनीला जोडू नयेत.

८. महाविद्यालयीन प्रयोगशाळेची भूमिका

या सर्व राशी महागड्या उपकरणांशिवाय मोजता येतात. गवंडी पातळी काढण्यासाठी वापरतात ती पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकारात फळीवर बसवून तीत रंगीत पाणी भरले, की दाबमापक तयार होतो. पाईपला दोन मिलिमीटरचे छिद्र पाडून नळीचे एक टोक तेथे लावले असता पाण्याच्या दोन पातळ्यांतील फरक थेट दाब दर्शवितो. फिल्टरच्या आधी असा मापक कायम बसविल्यास पिशवी केव्हा झटकावी हे आकडाच सांगतो. पिटो नळीने वेगदाब मोजता येतो, १.१ घनतेच्या हवेत सेकंदाला २० मीटर वेग असेल, तर हा फरक सुमारे २२ मि.मी. येतो.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी दाब मोजावा, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आधी व नंतर वजन केलेल्या फिल्टर कागदावर धूळ गोळा करून तिचे प्रमाण काढावे, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पाईपच्या विविध मापांचा खर्च व विजेचा वापर तपासावा आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सुतार कुटुंबांच्या आरोग्यविषयक अनुभवांची नोंद घ्यावी, असा आंतरविद्याशाखीय प्रकल्प सहज उभा राहू शकतो. त्यातून मिळणारी आकडेवारी स्थानिक असेल आणि ज्यांच्याकडून ती घेतली त्यांच्याच उपयोगी पडेल.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वाहिनीचा व्यास यंत्राच्या तोंडावरून न ठरविता आवश्यक प्रवाहावरून ठरवावा, त्यानंतर वहनवेग तपासावा.
२) दोन अश्वशक्तीच्या, ३०० मि.मी. चाकाच्या पंख्यासाठी ११० चा पाईप अपुरा व २०० चा पाईप अवाजवी ठरतो. फिल्टर वापरायचा असेल, तर १४० चा पाईप भरवशाचा असून पिशवी नियमित झटकली जात असेल तेथे १६० चा पाईप अधिक धूळ पकडेल.
३) पंखा बाहेर बसवून फिल्टरशिवाय हवा सोडणे शक्य असेल, तर १६० चा पाईप सर्वोत्तम होय. फिल्टरसह चालणाऱ्या १४० च्या पाईपने बारीक धुळीसाठीचा पूर्ण प्रवाह मिळत नाही. म्हणून तेथे तोंडावर योग्य मुखपट्टी वापरणे व दारे-खिडक्या उघड्या ठेवणे यांना पर्याय नाही.
४) परदेशी तक्ते ५० हर्ट्‌झच्या विजेसाठी व स्थानिक हवेसाठी दुरुस्त करूनच वापरावेत.

११० आणि १६० च्या पाईपांच्या किमतीतील फरक एकदाच सोसावा लागतो. लहान पाईपमुळे हवेत राहिलेली धूळ मात्र त्या घरातील माणसे रोज श्वासावाटे घेत असतात. कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे हे साधे गणित पोहोचविण्याचे काम तालुक्यातील महाविद्यालये करू शकतील.